झाकण लावलेली पाणपोई

अहेरीत भटक्या कुत्र्यांसाठी पाण्याची सोय नाही, असं कोणी म्हणत असेल तर त्याने मे महिन्यात गावातून एक चक्कर मारावी. दोन-चार घरं सोडली की फाटकाजवळ, ओट्याच्या कोपऱ्यात, दुकानाच्या पायरीवर लिटरभर पाण्याची बाटली उभी असतेच. कुणाचं पाणी निळीचं, कुणाचं कुंकवाचं. झाकणं मात्र सगळ्यांची घट्ट. कुत्र्याने ती बाटली लांबून पाहावी आणि दुसऱ्याच्या दारात जाऊन बसावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. बाहेर पंचेचाळीस अंश, नाकासमोर लिटरभर पाणी आणि मधे प्लॅस्टिक! इतकी बारीक शिक्षा चित्रगुप्ताच्या वहीतही नसेल.

निळ्या बाटलीला कुत्रा घाबरतो हे कुणी शोधून काढलं, ते विचारू नये. शेजाऱ्याने ठेवली म्हणून आपण ठेवली, एवढं संशोधन आपल्याला पुरतं. कुत्र्याच्या डोळ्याला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, निळा आणि पिवळा मात्र चांगला दिसतो. म्हणजे निळी बाटली त्याला दिसते. दिसते, आणि तो तिच्यावर पाय वर करून पुढे जातो. कुंकवाची बाटली त्याच्या लेखी मळक्या पाण्याची. नगरपंचायतीच्या नळाला येणारं पाणी काही दिवस तसंच असतं, त्यामुळे त्यालाही तो दचकत नाही.

ऊन हा चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा मानाचा विषय. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत झळकली की आपली छाती उगाच फुगते. वरचा नंबर पटकावता येईल अशी दुसरी यादी आपल्याला सापडत नाही, त्याला काय करणार? अहेरीला जंगल आहे, प्राणहिता आहे, म्हणून आकडा थोडा मागे राहत असेल. पण नवतपा लागला की इथलाही माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळतो, खिशात कांदा घालतो, आंबील पितो आणि दुपारभर कूलरसमोर पालथा पडतो. कुत्र्याकडे खिसा नाही, दुपट्टा नाही, आणि कूलरच्या खोलीत तो शिरला तर चप्पल आहे.

त्याच्याकडे आहे ती फक्त जीभ. आपल्याला अंगभर घाम येतो, त्याला येतो तो जेमतेम पायाच्या गाद्यांना. बाकीची सगळी उष्णता तोंड उघडून, लहालहा करत, जिभेवरची आणि नाकातली ओल उडवून बाहेर टाकायची. कुत्र्याचं अंग मुळात आपल्यापेक्षा गरम. ३८ ते ३९ अंश सेल्सियस हे त्याचं बरं असतानाचं तापमान. ते ४१च्या वर गेलं की उष्माघात, आणि ४३च्या आसपास आतले अवयव एकेक करून हात टेकतात. मधल्या दोन-चार अंशांत त्याचा सगळा उन्हाळा बसवायचा असतो. कुत्र्याची जीभ म्हणजे आपला कूलरच समजा. टाकीत पाणी नसेल तर नुसता पंखा गरगरतो आणि गरम हवा फेकतो. आणि ज्या आठवड्यात हवेत ओल वाढते, अंग चिकचिकतं, आणि घरातला कूलर असून नसल्यासारखा होतो, त्याच आठवड्यात कुत्र्याची जीभही निकामी व्हायला लागते. त्यामुळे कोरड्या मे महिन्यापेक्षा पावसाच्या आधीचे ते कोंदट दिवस त्याला जास्त घातक ठरू शकतात. पारा चार अंशांनी खाली आला म्हणून आपण त्याच्याकडे बघणं सोडतो, तेव्हाच.

गावातल्या साध्या मोत्या-काळूला हे सगळं पशुवैद्यकाच्या आधीपासून ठाऊक आहे. अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली उष्णतेविरुद्ध कृती आराखडा केला, तो देशातला पहिला म्हणतात. बिनसमितीचा आराखडा त्याच्या किती आधीपासून आपल्या गल्लीत राबतो आहे! पहाटे फिरून घ्यायचं. ऊन चढायच्या आत सावली धरायची. रांजणाशेजारची ओली माती पंजाने उकरायची, वरचा तापलेला थर बाजूला सारून खालच्या गार थरावर पोट टेकायचं. दुपारभर भुंकायचंसुद्धा नाही. चोर आला तर संध्याकाळी या म्हणायचं. तेंदूपत्त्याच्या हंगामात पानं तोडायला जाणारी माणसं उजाडायच्या आत जंगलात शिरतात आणि ऊन तापायच्या आत परततात, हा याच शहाणपणाचा दोन पायांवरचा अवतार. त्यांच्यासोबत गेलेली कुत्रीही तेव्हाच परततात. घड्याळ दोघांकडेही नसतं.

घोळ आपण केला. माती होती तिथे सिमेंटचा रस्ता आला, रस्त्याच्या कडेला गट्टू बसले, गट्टूंनी अंगण खाल्लं, आणि रुंदीकरणात कडेचं झाड गेलं. रांजणाच्या जागी छतावर काळी टाकी आली. तिच्याखाली ओल नाही आणि तिथे कुत्रा चढत नाही. उघडी नाली ही त्याची शेवटची गार जागा, तीही आता झाकून होते आहे. नाली झाकू नका असं म्हणणारा मी कोण? पण त्या झाकणावर दुपारी दोन वाजता हाताची पालथी बाजू टेकवून पाहा. पाच सेकंद ठेवता आली नाही तर ती जागा कुत्र्याच्या पायांच्या लायकीची नाही, असा साधा हिशेब आहे. डांबराचं तर विचारूच नका. हवा पस्तिशीत असतानाच डांबर साठीला टेकतं. आपण चपला घालतो म्हणून आपल्याला रस्ता थंड वाटतो.

राहता राहिली सावली. ती सध्या तीन ठिकाणी मिळते. एक, उभ्या ट्रकखाली. खनिजाच्या वाहतुकीमुळे आपल्याकडे ट्रकची ददात नाही, फक्त तो कधी सुरू होईल हे कुत्र्याला कुणी सांगत नाही. दोन, बसस्थानक. तीन, पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची. तिसरी सावली भरवशाची. फ्लेक्स दहा फूट, त्याच्याखाली उद्‍घाटन झालेल्या पाणपोईचा माठ एक फूट, आणि तोही चौथ्या दिवसापासून कोरडा. पुढाऱ्यांवर मी एरवी टीका करतो, पण त्यांच्या हसऱ्या चेहऱ्यामागे चार कुत्री निवांत झोपलेली पाहिली की लोककल्याण झालंच नाही असं म्हणवत नाही.

भटक्याचं एक बरं असतं, सावली सरकली की तो सरकतो. बांधलेल्याला तेही नाही. सकाळी नऊ वाजता मालक त्याला झाडाखाली बांधून ड्युटीला जातो. झाडाखाली बांधला म्हणून मालकाचं मन शांत. पण सूर्याला अकरानंतर दुसरीकडे जायचं असतं, सावलीला त्याच्या उलट जायचं असतं आणि साखळी मात्र चार फुटांची. बारा वाजता कुत्रा भर उन्हात, आणि सकाळी भरून ठेवलेलं पाण्याचं भांडं त्याने धडपडीत केव्हाच सांडलेलं. संध्याकाळी मालक म्हणतो, "कावून आज सुस्त पडला?"

आता विलायती मंडळींकडे वळू. २००३ साली हच मोबाइलच्या जाहिरातीत एका पोरामागे पग धावला आणि आपला देश त्याच्यामागे धावला. त्या कुत्र्याचं नाक चेहऱ्याच्या आत बसवलेलं. ज्याने श्वासावाटे अंग गार करायचं, त्याच्या श्वासाची वाटच माणसाने शोभेसाठी आखूड करून ठेवली. ब्रिटनमधल्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये तिथल्या कुत्र्यांचा हिशेब मांडला, तेव्हा उन्हाच्या त्रासाचा धोका पगला लॅब्राडोरच्या तिप्पट आणि बुलडॉगला जवळजवळ चौदापट निघाला. ही विलायतेतली गोष्ट! तिथे ज्या तापमानाला सरकार लोकांना घरात बसायला सांगतं, त्या तापमानाला आपण स्वेटर पेटीत ठेवतो.

त्यावर आता हस्की. सैबेरियाच्या बर्फात गाडी ओढणारा, अंगावर दुहेरी लोकर असलेला कुत्रा विदर्भात पाळायचा म्हणजे हौसेचीही कमाल आहे. व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्री आणण्यावर केंद्राने २०१६ मध्ये बंधन घातलं, पण तोवर देशी हस्की तयार झाले होते. नागपूरपर्यंत वाट्टेल तेवढे मिळतात. त्याला एसीत ठेवतो, असं मालक अभिमानाने सांगतो. ठेव बाबा. पण आपल्याकडे वीज जाते तेव्हा ती कुत्र्याची जात विचारत नाही. मग कुणीतरी सुचवतं, केस भादरून टाका, हलकं वाटेल. दुहेरी लोकरीचा कुत्रा मुळापासून भादरू नये. तीच लोकर ऊनही अडवते, आणि उघडी कातडी सरळ भाजते. त्याचं अंग विंचरून गळालेली लोकर काढली तर पुरे.

हीच साहेबमंडळी त्याला फिरवायला नेतात दहा वाजता, कारण साहेबांना जाग येते साडेनवाला. वरून तोंडाला घट्ट मुसकं. चावू नये म्हणून ठीक, पण जबडा उघडता आला नाही तर तो अंग गार करणार कशाने? कूलरच्या टाकीला बूच मारून पंखा लावल्यासारखं होईल ते, अशी उपमा मी पुन्हा देणार नव्हतो, पण सुटली. त्याच ब्रिटिश अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली. उष्माघाताच्या दर चारांपैकी सुमारे तीन कुत्र्यांना तो व्यायामातून झाला होता, म्हणजे चालवणं, पळवणं, चेंडू आणायला लावणं. बंद गाडीचं प्रमाण त्या मानाने थोडं. बंद गाडी कमी धोक्याची असा त्याचा अर्थ काढू नये. काचा थोड्या खाली ठेवल्या तरी दहा मिनिटांत आतलं तापमान दहा-अकरा अंशांनी चढतं. आलापल्लीच्या बाजारात "दोन मिनिटांत येतो" म्हणून गेलेला माणूस दोन मिनिटांत परतल्याचं कुणी पाहिलंय का?

कायद्याकडे जाऊ. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६०चा. पाळलेल्या जनावराला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. बसस्थानकावर लिटरभर थंड पाण्याची बाटलीही दहा रुपयांना मिळत नाही. कुत्र्याला पाणी पाजण्यापेक्षा तहानलेला ठेवून दंड भरणं स्वस्त पडावं, अशी तजवीज आपल्या कायदेमंडळाने साठ वर्षं जपून ठेवली आहे. १९६५चे आणखी एक नियम आहेत, गाडी ओढणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांचे. पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन त्यांना जुंपायचं नाही. नियम चांगलाच आहे. तो बैलाला लागू, गाढवाला लागू. कुत्रा आपल्याकडे गाडी ओढत नाही, म्हणून तो सुटला. रस्त्यावर गिट्टी टाकणारा मजूरही त्यात बसत नाही, पण हा विषय दुसऱ्या आठवड्याचा.

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कुत्रे फार गाजले. ११ ऑगस्टला आदेश झाला की दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा. २२ ऑगस्टला तो बदलला, नसबंदी करून आणि लस टोचून जिथून आणली तिथे सोडा. पिसाळलेली आणि आक्रमक वगळून. ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांतून ती हटवून निवाऱ्यात न्यायला सांगितलं. लहान मुलांना चावे बसतात, रेबीजची लक्षणं दिसली की उपाय नाही, तेव्हा न्यायालयाची काळजी खोटी म्हणता येणार नाही. माझी शंका बांधकामाची आहे. आपल्या भागात निवारा उभा राहणार म्हणजे टिनाचं शेड उभं राहणार. टिनाखाली, मे महिन्यात, पन्नास कुत्री एकत्र. त्याला निवारा म्हणायचं की भट्टी, ते निविदेत स्पष्ट केलेलं बरं.

चाव्यांवरून आठवलं. अमेरिकेतल्या आठ शहरांतल्या सुमारे सत्तर हजार चाव्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिनील किरणं जास्त असलेल्या दिवशी चावे ११ टक्क्यांनी, जास्त तापमानाच्या दिवशी ४ टक्क्यांनी वाढलेले दिसले. कुत्रा चिडतो की त्या दिवशी माणूस त्याच्या जास्त वाटेला जातो, हे त्यातून ठरत नाही. आपल्या गावचा अनुभव घ्यायचा तर दुपारी सावलीत पडलेल्या कुत्र्याला लाथ मारून उठवणारा माणूस मी पाहिला आहे, आणि नंतर इंजेक्शनच्या रांगेतही त्यालाच पाहिलं आहे. "हाड" म्हणायला अहेरीत मराठी आहे, तेलुगू आहे, गोंडी-माडिया आहे. "बस इथे, पाणी पी" हे या सगळ्या भाषांत मिळून मी फार थोड्या वेळा ऐकलं.

रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याच्या पुतळ्याचं काय करायचं यावर २०२५च्या उन्हाळ्याच्या तोंडावर राज्यभर वाद झडला. इतिहासकार बोलले, पुढारी बोलले, वाहिन्यांवर रात्री उशिरापर्यंत आवाज चढले. दगडाला ऊन लागत नाही, म्हणून चर्चा निवांत करता आली.

त्याच उन्हाळ्यात, २१ एप्रिल ते ११ मे, छत्तीसगड-तेलंगण सीमेवरच्या कर्रेगुट्टा डोंगरांत सुरक्षा दलांची मोठी मोहीम चालू होती. सिरोंच्याच्या पलीकडचा हा सगळा पट्टा. जंगल आपल्यासारखंच, ऊनही आपल्यासारखंच. दिवसाचं तापमान ४५च्या वर गेलं, अनेक जवानांना अंगातलं पाणी कमी झाल्याने त्रास झाला, असं सरकारनेच सांगितलं. तिथे केंद्रीय राखीव पोलीस दलाची रोलो नावाची दोन वर्षांची बेल्जियन मॅलिनॉय कुत्री होती, बंगळुरूजवळच्या तरळू इथल्या केंद्रात तयार झालेली, पेरलेली स्फोटकं हुंगून काढणारी. २७ एप्रिलला मधमाश्यांचं मोहोळ उठलं. तिला सांभाळणाऱ्यांनी तिच्यावर प्लॅस्टिक टाकून पाहिलं, माश्या आत घुसल्या, तिला सुमारे दोनशे डंख बसले. ती गेली. तिला उन्हाने मारलं नाही, हे खरं. पण ४५ अंशांत चार पायांवर काम करायचं म्हणजे काय, हे तिच्यामुळे चार लोकांना समजलं. लहालहा करणाऱ्या कुत्र्याला वास नीट घेता येत नाही. एकच नाक, एकच श्वास, एक तर अंग गार करायचं नाही तर सुरुंग शोधायचा. म्हणून असल्या कुत्र्याची विश्रांती आणि पाणी हा लाडाचा भाग राहत नाही. त्याच्यामागून चालणाऱ्या माणसाचा पाय त्यावर अवलंबून असतो. अहेरीच्या प्राणहिता पोलीस उपमुख्यालयाकडे पाहताना हे लक्षात असू द्यावं.

घरच्याचं, गल्लीतल्याचं एवढं ओळखता आलं तरी खूप. लाळ दाट होऊन तोंडाला चिकटते आहे, हिरड्या लालभडक दिसतात, चाल दारुड्यासारखी होते, ओकतो, हाक मारली तर मान वळवत नाही. तेव्हा व्हॉट्सॲप उघडू नये. आधी सावलीत ओढावा आणि अंगावर पाणी ओतावं, पोट, मांड्या, पंजे, मान, हात थांबवू नये. पुठ्ठ्याने, सुपाने, सापडेल त्याने वारा घालावा. वाऱ्याशिवाय नुसती ओल अर्धंच काम करते. ओलं पोतं अंगावर टाकून निघून जाणं हा आपल्याकडचा आवडता उपाय; ते पोतं थोड्या वेळात तापतं आणि गोधडीचं काम करायला लागतं. पोतं त्याच्या खाली अंथरावं. शुद्धीवर असेल तर पाणी पुढे ठेवावं, त्याचं तो पिईल. जबडा फाकवून तांब्या रिकामा केला तर ते फुप्फुसात जातं. बर्फ शोधत अर्धा तास घालवण्यापेक्षा माठातलं पाणी लगेच ओतलेलं चांगलं. डॉक्टरकडे न्यायचंच, पण आधी गार करून मग. उलटं केलं की वाटेतल्या तापलेल्या गाडीत उरलेलं काम होतं. आणि खिशातला कांदा त्याच्या गळ्यात बांधू नये. खाल्ला तर कुत्र्याला कांदा विषारी.

हे सगळं करायची वेळ न येण्यासाठी लागतो एक फुटका माठ. प्रत्येक घरात दर उन्हाळ्यात एक तरी फुटतो. त्याचा बुडाचा अर्धा भाग सावलीला, फाटकाच्या बाहेर, मातीत थोडा रुतवून ठेवला की झालं. रुतवला म्हणजे तो सांडत नाही आणि पाणीही गार राहतं. लगेच वॉर्डातले एक काका हरकत घेतील की असं पाणी ठेवलं तर डास होतात, आणि गडचिरोलीला मलेरिया नवा नाही. काकांचा मुद्दा बरोबर आहे. पाणी रोज फेकून नवं भरावं. पण काका, डासाच्या अळीला पंख फुटायला साधारण आठवडा लागतो. मे महिन्यात अहेरीचं कुत्रं ते पाणी दुपारपर्यंतही शिल्लक ठेवत नाही. आणि ती मागच्या अंगणातली काळी टाकी, जिचं झाकण दिवाळीपासून सापडत नाही, ती आधी बघा.